फोरमनसाहेबांच्या हातातलं बटण

संत तुकाराम नगरातल्या आमच्या इमारतीत पहिला टीव्ही आला तो फोरमनसाहेबांकडे, आणि ते तो इतका जपायचे की बघणाऱ्यांना जीव नकोसा व्हायचा. "त्यांच्यामुळे अख्ख्या इमारतीला टीव्ही बघायला मिळाला हो," असं जुने शेजारी आज गहिवरून सांगतात. सांगू देत. ते सगळे सोफ्यावर बसणारे होते. मी जमिनीवर बसून पाहिलाय.

त्यांच्याकडे बसायच्या जागा कंपनीतल्या हुद्द्यावर ठरत. ऑफिसातल्या बाबू लोकांना सोफा, सुपरवायझरांच्या बायकांना लोखंडी खुर्च्या आणि आम्हा कामगारांच्या घरच्यांना दाराजवळची फरशी. आमच्यासाठी बाहेर पाण्याची बादली आणि तांब्याही असायचा. "पाय धुऊन आत या, बाई. धूळ सेटमध्ये जाते." सोफ्यावाल्यांच्या पायांना बहुधा धूळच लागत नसावी. माझा नवरा त्यांच्याच हाताखाली होता. त्याचा ओव्हरटाइम, त्याची पाळी, सगळं त्यांच्या एका शब्दावर. त्यामुळे मी मुकाट्याने पाय धुवायची आणि मनातल्या मनात शिव्या द्यायची.

संध्याकाळच्या मराठी बातम्या म्हणजे त्यांची पूजा. मुंबईहून एक चष्मेवाले गृहस्थ आणि एक अंबाडा घातलेल्या बाई अशी जोडी बातम्या द्यायची. कित्येक वर्षं तीच जोडी. त्या वेळात कोणी खोकलेलंही साहेबांना चालत नसे. स्वतः मात्र मध्येच "आज आवाज बसलाय यांचा, सर्दी झालेली दिसते," असं बोलायचे, जणू काही दोघंही त्यांच्याच खात्यात कामाला होती.

आणि शेवटची ठळक बातमी संपली रे संपली की खट्‌! बटण बंद. जोडी 'नमस्कार' म्हणायच्या आत पडद्यावर एक पांढरा ठिपका उरायचा. कंपनीत त्यांची शिस्त तशीच होती. काम उतरलं की त्याच क्षणी मशीन बंद. "रिकामं फिरणारं मशीन मला बघवत नाही," हे त्यांचं वाक्य नवरा घरी नक्कल करून दाखवायचा. मशीनचं ठीक आहे. पण समोरचं माणूस निरोप घेत असताना त्याचं तोंड बंद करायचं, ही कुठली रीत?

माझ्या सासूबाई मावळातल्या. अक्षरओळख नाही. घरात दिवसभर एकट्या, कारण मीही शिवणकामाला बाहेर जायची. बातम्यांतलं निम्मं त्यांना कळत नसे, तरी एक संध्याकाळ चुकवायच्या नाहीत. एकदा मी विचारलं, "आत्याबाई, एवढं काय बघता हो त्यात?"

"ती बाई माज्या थोरलीवानी हाय," त्या म्हणाल्या. "कपाळ बघ, बोलताना मान कशी करती बघ."

त्यांची थोरली लेक बाळंतपणात सासरीच गेली होती. निरोप मिळून सासूबाई चाकणच्या पलीकडे तिच्या सासरी पोहोचल्या, तोवर तिला नेलेलं होतं. तोंड दिसलं नाही. ही गोष्ट त्यांनी मला तेवढ्या एकदाच सांगितली.

मग एके दिवशी फोरमनसाहेबांनीच सगळ्यांना बजावलं, "उद्या त्या दोघांचा शेवटचा दिवस. बातम्या संपल्यावर दोघं प्रेक्षकांशी चार शब्द बोलणार आहेत. वेळेवर या." दुसऱ्या दिवशी स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून बसले. खोटं कशाला बोलू, त्यांनाही वाईट वाटत असावं. सासूबाईंनी पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसलं. वाटेत मला म्हणाल्या, "थोरलीला नीट वाटं लावता आलं न्हाई. हिला तरी हात जोडते."

खोली गच्च भरली होती. बातम्या झाल्या. हवामान झालं. ठळक बातम्या पुन्हा एकदा झाल्या. त्या बाईंनी कागद खाली ठेवले, मान किंचित कलती केली, काही बोलायला ओठ उघडले, आणि खट्‌!

साहेबांचा हात आपोआप गेला होता. सगळी खोली ओरडली. त्यांनी घाईने बटण परत फिरवलं, पण तो जुन्या व्हॉल्व्हचा सेट. तापायला वेळ घ्यायचा, आधी आवाज यायचा आणि चित्र मागून. काळ्या पडद्यातून त्या बाईंचा आवाज आला, "...तुमची आठवण येत राहील. नमस्कार." चित्र उमटलं तेव्हा तिथे एक माणूस भाताच्या रोपांवरची कीड दाखवत होता.

सासूबाईंचे हात अर्धवट जोडलेले तसेच होते. "हिचंबी तोंड दिसलं न्हाई," त्या मला हळूच म्हणाल्या.

साहेबांच्या कानावर तेवढंच गेलं. चूक झाली, एवढे दोन शब्द त्या माणसाला जड झाले. म्हणाले, "त्यात काय एवढं, बाई? उद्या दुसरी कोणीतरी येईल बातम्या द्यायला." सोफा हसला. मी सासूबाईंना हाताला धरून उठवलं आणि त्या घराची पायरी पुन्हा चढले नाही. त्याही चढल्या नाहीत.

पुढे दोन-एक वर्षांनी फोरमनसाहेब गेले. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि संपलं. खालून रडण्याचा आवाज आला तेव्हा मी भाकरी थापत होते. सासूबाई पदर सारखा करून दाराशी गेल्या.

"कुठं निघालात?"

"साहेबाचं तोंड बघून येते."

"त्यांचं? तुम्ही?"

"मागं ऱ्हायलं की लई सलतं, पोरी. तू येतीस?"

"नाही," मी म्हटलं, आणि भाकरी जरा जोरातच तव्यावर टाकली.

त्या बऱ्याच वेळाने परत आल्या. अंघोळ केली, जेवायला बसल्या. मी काही विचारलं नव्हतं, तरी घास मोडता मोडता म्हणाल्या, "नीट दिसला. तोंड उघडंच ठेवलं व्हतं. हात जोडून आले." चेहरा असा निवळला होता की इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. त्यांना हवं होतं ते शेवटी मिळालं, आणि मिळालं तेही त्याच माणसाकडून. मला त्याचाही राग आला.