शेवटचं पान घरी

रेवदंड्यात आजवर ज्यांनी ज्यांनी लहान पोरांना रडवलं, त्या सगळ्यांत माझ्या मैत्रिणीची आत्या पहिल्या नंबरावर होती, आणि त्याबद्दल तिचा भर चौकात सत्कार व्हायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. झाला नाही. झालं ते भलतंच.

आत्या गावच्या वाचनालयात मदतनीस. शनिवारी दुपारी बाया मासळी निवडायला बंदरावर गेल्या, की त्यांची बालवाडीतली पोरं सतरंजीवर गोळा करून ती गोष्ट वाचायची. वाचायची म्हणजे काय, वाघ आला की टेबलाखाली शिरायची, वादळ आलं की खिडक्या आपटायची. पेपर वाचत बसलेले पेन्शनर "हळू हो बाई" म्हणाले, तर त्यांनाच झाड करून उभं करायची. एका निवृत्त तलाठ्यानं असा मन लावून वड केला, की पुढे दर शनिवारी तो दाढी करून येऊ लागला.

आणि ऐन रंगात, शेवटचं पान राहिलेलं असताना, पुस्तक फटकन मिटायची. "म्होरलं घरी!" पोरं भोकाड पसरत. जो सगळ्यांत मोठ्यानं रडेल, पुस्तक त्याच्या घरी. मग संध्याकाळी त्याच्या ओटीवर सगळी फौज जमे आणि बापाला जाळं बाजूला ठेवून, अक्षराखाली बोट फिरवत, शेवट वाचून दाखवावाच लागे. एकदा एक होडीवाला नाखवा तणतणत आला. "आत्ये, माझी शाला चौथीत सुटली. माला कशाला गुतवतेस यात?"

"मंग पाचवी आता कर," आत्या म्हणाली.

पुढच्या शनिवारी त्याच्याच पोरीनं वाचनालय दणाणून सोडलं. रडण्याची तालीम बापानंच घेतली होती म्हणे.

पुस्तकं परत येत ती खवले चिकटलेली, सुकटाच्या वासाची. वाचनालयाच्या समितीनं नाकाला रुमाल लावला. आत्या म्हणाली, "वास येतोय म्हंजे पुस्तक कुनाच्या घरी जाऊन आलंय. तुमच्या कपाटातल्यांना कसला वास येतो, सांगा की." मुलांची पुस्तकं कुलपात घालायची आणि खोलीत स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका काढायची, असं समितीनं ठरवलं. धड बसताही येत नाही अशा वयापासून पोरांना पुस्तकं द्या म्हणून भाषणं ठोकायची, आणि पोरांनी हात लावला की पुस्तक मळतं म्हणून बोंबलायचं! मी त्याच रात्री पत्रक लिहिलं, 'बालवाचकांची गळचेपी थांबवा!' आत्यानं गठ्ठा घेतला आणि पोरांत वाटला. "अक्षरं मोठी हायत. गिरवाया बरी."

शेवटच्या शनिवारी तिनं घर शोधत फिरणाऱ्या खेकड्याची गोष्ट वाचली. नेहमीसारखं पुस्तक मिटलं, नेहमीसारखी नाखव्याची पोरगी जिंकली. तिनं हात पुढे केला, तेवढ्यात शिपाई म्हणाला, आजपासून पुस्तक बाहेर जाणार नाही. खेकडा कपाटात गेला. शनिवार बंद झाले. आत्या पनवेलला भाच्याकडे राहायला गेली. माझी पत्रकं अजून निघतात. कुलूप आहे तिथंच आहे.

परवा ती पोरगी मला रिक्षास्टँडवर आडवी आली. "ताई, खेकड्याला घर गावलं का?"

मी आत्याला फोन लावला आणि स्पीकर चालू करून पोरीच्या हातात दिला. मला खात्री होती, आत्या ओरडणार, "सांगनार न्हाय!" पण लाटांच्या आवाजासकट, वाऱ्यासकट, तिनं सगळा शेवट सांगून टाकला. जन्मात पहिल्यांदा.

पोरगी रडली नाही. फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "पन ते तर बाबा वाचनार व्हता."

फोन अजून चालूच होता. आत्यानं ते ऐकलं की नाही, विचारायचं धाडस मला झालं नाही.