डिकीतली आडवी दांडी

माझ्या वडिलांनी मला आयुष्यात एकदाच चांगलं म्हटलं, तेही मला नाही, माझ्या वेल्डिंगला. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. मी हवेत होतो.

ते सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. कानस मारून केसाएवढा फरक काढणारी माणसं असतात, त्यांतले. घरातली कुठलीही वस्तू त्यांच्या तावडीतून सुटायची नाही. दाराची कडी असो, कुकरचं हँडल असो, नाहीतर माझं प्रगतिपुस्तक, ते उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे, पण बसत नाही." मी डिप्लोमा केला, अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो, तरी मी घरात काही दुरुस्त केलं की ते मागून येऊन सगळं उघडून पुन्हा करायचे. मीही काही कमी नव्हतो. राग माझ्या नाकावर असायचा. आम्ही दोघं एका छपराखाली कसे राहिलो ते आईलाच ठाऊक.

निवृत्त झाल्यावर वर्षभरातच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जन्मभर ज्या हाताने कमावलं, नेमका तोच हात. बोलणं जड झालं, पण कळायचं. घरात चाकांची घडीची खुर्ची आली. तिला खुर्ची म्हणणंही त्यांना नको असायचं. "ती आण," एवढंच म्हणायचे.

तेव्हापासून त्यांचा आठवडा रविवार सकाळपुरता उरला. दिंडोरी रोडवर मिसळीचं एक ठिकाण होतं. तिथे टूलरूममधले त्यांचे चार जुने सोबती दर रविवारी जमायचे. माझ्याकडे जुनी घेतलेली छोटी गाडी होती. मी वडिलांना उचलून पुढच्या सीटवर बसवायचो, मागची सीट पाडायचो आणि डिकीतून खुर्ची आडवी आत सरकवायचो. बाजूच्या दारातून ती जायची नाही. एकदा जबरदस्ती केली तर सीटचं कव्हर फाटलं होतं. मिसळ डाव्या हाताने त्यांना नीट खाता यायची नाही. चौघांतला एक जण, मूळचा दिंडोरीकडचा, पाव रश्शात कुस्करून त्यांना भरवायचा आणि ते निमूट खायचे. घरी आईने घास पुढे केला तर भडकायचे. शनिवारी संध्याकाळपासूनच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवायचा त्यांचा तगादा असायचा.

ही दोन हजार दोन-तीनच्या सुमाराची गोष्ट. मला तेव्हा गाड्यांचं खूळ लागलं होतं. कुठे रॅली असली की मी रस्त्याकडेला धूळ खात उभा राहायचो. माझी गाडी काही त्या लायकीची नव्हती, पण अंथरूण पाहून पाय पसरणं माझ्या स्वभावात नव्हतं. पेठ रोडच्या घाटात वळणावर तिचं मागचं अंग झोला मारायचं, ते मला सहन होईना. कुणीतरी सांगितलं, मागच्या दोन्ही शॉकॲब्सॉर्बरची वरची टोकं डिकीत एका आडव्या दांडीने जोडली की बॉडी पिळवटत नाही, गाडी वळणात एकसंध राहते. मुंबईत तयार मिळायची. मी म्हटलं, आपण काय हात बांधून घेतलेत? घरीच बनवू.

वडिलांच्या कानावर घातलं तसे ते खुर्चीत ताठ झाले. "माप घेतलंस?"

झटका आल्यापासून त्यांना कुणी काम सांगितलं नव्हतं. औषध घ्या, कुशीवर व्हा, हात हलवा, एवढंच सगळे सांगायचे. सुट्टीच्या दिवशी मी गाडी सिडकोतल्या आमच्या घरासमोर उलटी लावली, डिकी उघडली, त्यांची खुर्ची तिच्या तोंडाशी नेली. टेपचं एक टोक त्यांनी डाव्या हातात धरलं. माप तीनदा घ्यायला लावलं. मी दोन सूत इकडेतिकडे चालेल म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चौथ्यांदा घेतलं. आई दारातून आमच्याकडे बघत होती. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

पाइप कापला, दोन्ही टोकांना पट्ट्या जोडल्या. आता गाडीला बसवायचं होतं.

"बोल्टवर ठेव," वडील म्हणाले. "काढता आली पाहिजे."

मी म्हणालो, बोल्टच्या भोकात खेळ राहतो, खड्ड्यांनी चार दिवसांत ढिलं होतं, वेल्डिंगच करू.

"बोल्टवर ठेव."

मग मी त्यांना व्याख्यान दिलं. डिप्लोमावाला पोरगा टूलरूमच्या माणसाला धातू शिकवतोय, हे चित्र आज डोळ्यांपुढे आलं की तोंड लपवावंसं वाटतं. मला वाटलं, ही त्यांची जुनी खोड आहे. जे पुन्हा उघडता येत नाही, ते त्यांच्या लेखी काम नव्हे. त्यांनी तिसऱ्यांदा बोलायला तोंड उघडलं, डावा हात खुर्चीच्या चाकावरून फिरवला आणि म्हणाले, "तुझी गाडी आहे."

वेल्डिंग मशीन भाड्याने आणलं होतं. गाडीचा पत्रा पातळ, जरा जास्त वेळ धरलं की भोक पडतं. वडील डाव्या हातात काळी काच धरून बसले होते. "थांब," म्हणायचे. "गार होऊ दे. आता." मी एकेक टाका मारत गेलो. त्या दोन तासांत आम्ही एकदाही भांडलो नाही. काम झाल्यावर त्यांनी मला खुर्ची आणखी पुढे घ्यायला सांगितली, वाकले आणि जोडावरून बोट फिरवलं. कितीतरी वेळ फिरवलं.

"चांगला आलाय," ते म्हणाले.

मी आत जाऊन तोंड धुतलं. डोळ्यांत कचरा गेलाय असं आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी एकटाच पेठ रोडला गेलो, घाटातली वळणं घेतली. फरक पडला होता का? पडला होता, थोडासा. पण मी शिट्टी वाजवत परत आलो.

रविवारी सकाळी वडिलांना पुढे बसवलं, मागची सीट पाडली, खुर्ची घडी करून डिकीत घातली. ती दांडीला अडली. वरून घालून बघितली, खालून, तिरकी करून बघितली. जात नव्हती. दांडी बरोबर मधोमध होती, चार-चारदा मोजून बसवलेली. माझं डोकं फिरलं. आम्ही सगळं मोजलं आणि खुर्ची मोजली नाही! मी पुढे जाऊन खिडकीतून ओरडलो, "बाबा, खुर्ची जाणार नाही हे आधी नाही का सांगायचं?"

"बोल्टवर ठेव म्हटलं होतं," ते म्हणाले.

इस्त्रीचा शर्ट घालून बसलेल्या त्या माणसाला मी पुन्हा उचलून घरात नेलं. त्यांनी माप घेतानाच ओळखलं होतं. फक्त 'माझ्या खुर्चीसाठी' हे शब्द त्यांना उच्चारायचे नव्हते, आणि ते न उच्चारता मला कळावं एवढी अक्कल मला नव्हती.

पुढच्या रविवारी रिक्षा केली. रिक्षावाल्याने आणि मी त्यांना पोत्यासारखं उचलून आत कोंबलं. खुर्ची घरीच राहिली. तिथे बाकावर त्यांना बसता येईना, एका बाजूला कलंडायचे. अर्ध्या तासात परत आलो. पुन्हा रिक्षाचं नाव काढू दिलं नाही त्यांनी. टपावर कॅरिअर लावायचा विचार केला, पण वर वजन चढवलं तर गाडी पुन्हा वळणात डुलणार, मग एवढा खटाटोप कशाला केला? होय, मी असा विचार केला होता. लिहितानाही लाज वाटते आहे.

दांडी कापणं हा सरळ उपाय होता. मी तसं म्हणालोही. वडील म्हणाले, "नको. जोड चांगला आलाय." मी लगेच मान्य केलं. फार लगेच. त्यांनी चांगलं म्हटलेली माझी ती एकच वस्तू होती, आणि ती माझ्या हाताने तोडायची माझी तयारी नव्हती. आई दर शनिवारी रात्री मागे लागायची, "अरे, कापून टाक ना ते." मी म्हणायचो, त्यांनाच नकोय तर तुझं काय? कधी म्हणायचो, लोखंड कापायचा ग्राइंडर मिळाला की बघू. अंबडला माझ्या खात्यात तीन ग्राइंडर होते.

असे चार-साडेचार महिने गेले. रविवारी सकाळी ते खिडकीजवळच्या कॉटवर पडून असायचे. शर्टाचं विचारेनासे झाले. थंडीत दुसरा झटका आला आणि तिसऱ्या दिवशी ते गेले.

दहाव्याला गोदावरीवर चौघेही सोबती आले होते. विधी आटोपल्यावर वडिलांना मिसळ भरवणारे ते गृहस्थ माझ्याजवळ आले. पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "दर शनिवारी फोन यायचा त्याचा."

मला माहीत नव्हतं. शनिवारी दुपारी मी कारखान्यात असायचो.

"उद्या येतो म्हनायचा. पोरगं दांडी कापनार हाय, मंग येतोच. आमी जागा धरायचो. बाक बाजूला सारून ठिवायचो, त्याची चाकाची खुर्ची आत यावी म्हनून. दहापर्यंत वाट बघायचो."

"किती वेळा?" मी विचारलं.

"दर शनिवारी म्हनलं ना." ते नदीकडे बघत होते. "तुझं लय सांगायचा. जोड असा घातलाय, आपल्या टूलरूममधी पन कुनाला जमला नसता. कापली का मंग ती दांडी?"

मी नाही म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "कापायची व्हती रं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. टूलरूममध्ये कुणी विचारल्यावर कामाचा वेळ सांगावा, तसे ते पुढे म्हणाले, "दहा मिनिटांचं काम."