अर्लीनच्या दाराशेजारचा खळगा

आमच्या डेट्रॉईटच्या गल्लीत घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त. तिथलं गवत आमच्या चर्चमध्ये सेवेचं काम बघणारे डीकन ल्युशस कापतात. त्यांना कुणी सांगितलेलं नाही. पण गवत माजलं की गल्लीची अब्रू जाते, असं त्यांचं म्हणणं.

समोरची अर्लीन माझी जुनी मैत्रीण. जन्मभर तिने शाळेची बस चालवली. मोठा पाऊस झाला की गटाराचं पाणी तिच्या तळघरात शिरायचं. तिथे फरशीवर चप्पलसुद्धा ठेवायची सोय नव्हती, सगळं फळ्यांवर. शेवटी अटलांटाच्या मुलाने, डॅरिलने, बजावलं, "आई, आता पुन्हा पाणी आलं तर घर विकायचं आणि इकडे यायचं."

अर्लीन हो म्हणाली. बॅगही बाहेर काढली. आणि मग आम्हा सगळ्यांना राबवून शेजारच्या प्लॉटमध्ये मोठा खळगा खणवून घेतला. छपराचं पाणी तिकडे वळवलं, खोल मुळांची रानझाडं लावली. पाणी तिथे थांबणार आणि जमिनीत जिरणार. माझी कंबर महिनाभर धरली होती, ते सोडा.

दोन वर्षांत झाडं छान धरली. पण या मे महिन्यात, आम्ही दोघी चर्चच्या जेवणासाठी मासे तळत असताना, डीकननी ती सगळी झाडं कापून सपाट केली. वर कडाही नीट कापल्या.

मी तडकलेच. "डोळे आहेत की बटणं?"

"मी दोन वर्षं आजारी होतो ना, ही बाग ठाऊकच नव्हती," ते अर्लीनला म्हणाले. "वाटलं, लोक म्हणतील हिच्या दारात रान माजलंय."

अर्लीनने वाकून ते खुंट चाचपले. मग म्हणाली, "कापलंय मात्र सरळ हं. बसा, चहा आणते बर्फ घालून."

मला रडू आवरेना. ही आता जाणार, असंच वाटलं.

जुलैत एके दुपारी आभाळ फाटलं. मी धावत गेले, तर डीकन छत्री घेऊन खळग्याच्या काठावर उभे. खळगा तुडुंब भरला, पण ओसंडला नाही. मुळं शाबूत होती. खुंटांना हातभर फुटवेही आले होते. दुसऱ्या दिवशी पाणी जिरलं. तळघरात थेंब नाही.

आता डीकन खळग्याभोवती गोल पट्टा कापतात, म्हणजे बाग मुद्दाम ठेवलेली दिसते.

डॅरिलचा फोन आला. "बॅग भरलीस का?"

"ठेवून दिली," अर्लीन म्हणाली.

कुठे, ते मी पाहिलं. तळघरात, खाली फरशीवर.