चुलीवरची पक्कड

वडील मुंबईच्या गिरणीतून कायमचे घरी आले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत चार कपडे, एक कांबळं आणि तीन पकडी होत्या. कपडे त्यांनी दोरीवर टाकले. पकडींना मात्र जुन्या बनियनच्या वेगवेगळ्या फडक्यांत गुंडाळून ट्रंकेतच ठेवलं, आणि ट्रंकेला कुलूप.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. वडिलांनी उभा जन्म फिटर म्हणून मुंबईत काढला. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, पाहुण्यासारखे दोन घास कौतुकाने खायचे आणि परत जायचे. घर आई चालवायची, आणि आईचा सगळा कारभार एका सांडशीवर चालायचा. चुलीवरचा टोप उतरवायला सांडशी, कुंपणाची तार पिळायला सांडशी, फळीतला खिळा उपटायलाही सांडशीच. तिची एक दांडी वाकडी झाली होती. आईचा हात त्या वाकडेपणाला इतका सरावला होता की सरळ सांडशी तिला चालली नसती.

वडिलांना हे बघवेना. मी तेव्हा महाडला शाळेत शिकवायचे आणि शनिवारी घरी यायचे. आले की चहाच्या आधी मला पक्कडशास्त्राचा धडा मिळायचा. पक्कड घेताना चकाकी बघायची नाही. मिटून उजेडासमोर धरायची, दोन जबड्यांमधून उजेड दिसला तर दुकानदाराला परत द्यायची. एका हाताने उघडमीट झाली पाहिजे. मोठी पक्कड धरायला आणि पिळायला, लांब चोचीची अडचणीच्या जागी, आणि तिसरी फक्त तार कापायला. पकडीने ठोकायचं नाही, नट फिरवायचा नाही, विस्तवाजवळ न्यायची नाही, नाहीतर पोलादाचं पाणी उतरतं आणि ते मऊ पडतं.

“मोठीच्या मुठीला रबर कशाला?” मी विचारलं.

“करंट लागू नये म्हणून. सेफ्टी!”

आमच्या वाडीत तेव्हा विजेचा खांबसुद्धा आला नव्हता.

“बरा झाला,” आई चुलीपाशी बसून म्हणाली. “कंदिलाचा करंट लय वायट.”

वडिलांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. सांडशीला तर ते अवजार मानायलाच तयार नव्हते. ते भांडं, म्हणायचे.

खरी अडचण वेगळी होती. घरात मोडकं असं काही उरलंच नव्हतं. जे मोडलं ते आईने केव्हाच बांधून, ठोकून, पिळून चालतं केलं होतं. मग वडील चालत्या वस्तूंच्या मागे लागले. बादलीची कडी काढून पुन्हा बसवली. स्टोव्ह खोलला, तो दोन दिवस पेटेना. आपल्यावाचून घर नीट चालतं, हे माणसाला पोस्टकार्डात वाचायला बरं वाटतं. रोज डोळ्यांनी बघायला नाही. “खोलीवर माझी पथारी अजून हाय,” असं ते अधूनमधून म्हणू लागले. मुंबईत गावच्या मंडळींची खोली होती, तिथली. त्यांनी तसं म्हटलं रे म्हटलं, की आई भाकरी जरा जोरात थापायची. मला वाटायचं, एक दिवस खरंच जातील.

श्रावणात पकडींवर तांबूस ठिपके दिसले. वडिलांची झोप उडाली. मशीनचं तेल संपलेलं. भर पावसात ते तेलाची बाटली आणायला महाडला उतरले आणि सावित्रीला पूर आल्याने माझ्या खोलीवर अडकले. बाहेर बाजारपेठेत पाणी शिरत होतं आणि आमचे वडील खिडकीत उभे राहून गंजाची काळजी करत होते. लांब चोचीच्या सांध्यात पाणी गेलं असेल, म्हणाले. मी पुराचं बोलले की ते हं म्हणत आणि पुन्हा सांध्यावर येत.

पाणी ओसरल्यावर आम्ही दोघं बाटली घेऊन घरी चढून आलो. वडील ओल्या पायांनीच ट्रंकेकडे गेले. कुलूप त्यांनी घाईत उघडंच ठेवलं होतं. आत फडकी होती, पकडी नव्हत्या.

“हितं हायत वो,” आई मोठ्या खुशीत म्हणाली. “गंजायला लागलेल्या, म्हनून मी वर टांगल्या.”

तिने वर बोट केलं. चुलीच्या वर बांबू बांधून केलेली मांडणी होती. पावसाळ्यात तिथे सुकट, बियाण्याची काकडी, मिरच्या, पडवळाच्या बिया असं सगळं धुरात कोरडं राहायचं. त्या ओळीत सुंभाने बांधलेल्या तिन्ही पकडी लोंबत होत्या, काळ्याकुट्ट. शिवाय तिने त्यांना चांगलं खोबरेल तेल चोळलं होतं, डोक्याला चोळतात तसं.

वडिलांनी मोठी पक्कड खाली घेतली. तेल आणि काजळीचा चिकटा सांध्यात बसला होता. एका हाताने सोडाच, दोन हातांनीही ती उघडेना. त्यांनी वास घेतला.

“अगो, ही पक्कड हाय, सुकट नाय!”

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून ते घशातच राहिलं. ते ट्रंकेजवळ बसले आणि कपडे आत भरायला लागले. “माझा हितं काय काम हाय? उद्याच्या गाडीनं जातो.” मला मनापासून भीती वाटली. मी आईकडे पाहिलं. तिचेही हात थांबले होते.

“तुमचा इलम मला काय म्हाईत?” ती म्हणाली. आवाज चढलेला, डोळे भरलेले. “या घरात पुढच्या वर्साला लागनारी वस्त मी तितं ठेवते. बी तितं, मीठ तितं. दुसरी कुठली जागा हाय माझ्याकडं?”

वडील बराच वेळ शर्टाची घडी घालत राहिले. एकच शर्ट. मग उठले, वाटीत रॉकेल घेतलं आणि ओटीवर जाऊन पकडी बुडवून बसले. दुपारभर फडक्याने पुसत होते. सांधे मोकळे झाले, मशीनचं थेंब थेंब तेल पडलं. नंतर त्यांनी तार काढली, कटरने तुकडे तोडले आणि लांब चोचीच्या पकडीने एकेकाला आकडीसारखं वळवलं. विस्तवाच्या फार जवळ नको म्हणत चुलीपासून हातभर बाजूला, कोरड्या भिंतीवर, ते आकडे ठोकले. ठोकायला दगड घेतला, पक्कड नाही.

पकडी तीन आणि आकडे चार झालेले पाहून आई म्हणाली, “ह्यो चौथा कशाला?”

“तुझ्या सांडशीला,” वडील म्हणाले. “आन ती हितं, दांडी सरळ करून देतो.”

“हात लावू नका तिला,” आई म्हणाली, आणि वाकडी सांडशी स्वतःच्या हाताने पकडींच्या शेजारी अडकवली.