उरलेलं ताईबाईंच्या कॉटवर

सबीहा सिस्टर डिजिटल थर्मामीटरही झटकतात. आधी हवेत, मग रुग्णाच्या काखेत.

त्यांचं पेन अंबाड्यात खोचलेलं असतं. टॅबवर बोट लावायला त्यांना आवडत नाही. त्या पेनाच्या टोपणानं स्क्रीन टोचतात. स्क्रीन हलत नाही. मग मशीन आळशी आहे म्हणतात.

वॉर्डात शिरण्याआधी दारात मोठ्यानं खोकतात. तेवढ्या वेळात कॉटवर पसरलेले नातेवाईक खाली उतरतात.

चहा बशीत ओततात. बशी दुसऱ्याला देतात. कप स्वतः घेतात.

डॉक्टरांना तोंडावर साहेब म्हणतात, पाठीमागे पोरगं.

टॅबवर ‘आपली नोंद जतन झाली’ असं आलं की मोठ्यानं ‘शुक्रिया’ म्हणतात.

आणि कोणाचीही हकिगत अर्ध्यात सोडत नाहीत. बाकीच्या सवयींनी कोणाचं काही बिघडलं नाही. या एका सवयीनं ऑपरेशन पुढे गेलं.

जळगावातल्या त्या हॉस्पिटलात मी कॉम्प्युटरवर बसतो. मूळ बोदवडचा. मराठीत एम. ए. केलं. हॉस्पिटलनं सिस्टरांच्या नोंदींसाठी नवी प्रणाली घेतली, ती मराठीत होती, आणि मराठी टाइप करणारं कोणी नव्हतं. माझ्या पदवीचा असा उपयोग होईल असं आमच्या विभागप्रमुखांनाही वाटलं नसतं. सिस्टरांना टॅब शिकवणं हे माझं काम. सबीहा सिस्टरांनी पहिल्याच दिवशी माझं नाव विचारलं. मी ‘जगदीश’ म्हणालो. मग शिक्षण विचारलं. तेव्हापासून मी एमे.

“ए एमे, हा तुझा टॅब माझं ऐकत नाही.”

“बोटानं दाबा, सिस्टर.”

“बोटाला स्पिरिट आहे. त्याला चढेल.”

त्यांचा वॉर्ड म्हणजे बायकांचा हाडांचा वॉर्ड. पूर्वी तिथे पाळी बदलताना ओव्हर तोंडी द्यायचे. म्हणजे जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला एकेका कॉटची हकिगत सांगायची. सबीहा सिस्टरांचा ओव्हर ऐकायला शेजारच्या वॉर्डातले लोक यायचे. कोणाची सून भेटायला आली, कोणी गोळी गादीखाली लपवली, कोण प्लास्टरच्या आत काडी घालून खाजवतं, सगळं त्यात असायचं. रुग्ण मधे बोलून दुरुस्त्या करायचे. एकदा एका आजीनं स्वतःचा ओव्हर पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावला. तिचा भाऊ उशिरा आला होता.

नव्या प्रणालीत ओव्हर लिहायचा होता. बहुतेक गोष्टींना टिक करायची होती. ताप, नाडी, गोळ्या, लघवी, उपाशी ठेवायचं का. खाली एक चौकट होती, ‘इतर निरीक्षण’. त्यात अडीचशे अक्षरं मावत.

अडीचशे अक्षरांत सबीहा सिस्टरांचे जेमतेम नमस्कार-चमत्कार होतात.

त्यातच वॉर्डची इनचार्ज सिस्टर निवृत्त झाली. जागा रिकामी. सबीहा सिस्टर सगळ्यांत जुन्या, आणि त्यांना ती जागा हवी होती. मला वाटलं मानासाठी. तसं मी बोललोही.

“मान?” त्या म्हणाल्या. “मान काय करू रे? इनचार्जला रात्रपाळी नसते.”

त्यांचे मिस्टर फारुखभाई कूलर बनवतात. पत्रा कापतात, वाळ्याच्या जाळ्या भरतात. सकाळी दुकानात जातात. सिस्टरांच्या वाट्याला पहिल्यापासून जास्त करून रात्रपाळीच आली.

“आमचा संसार दारात झाला, एमे. मी चपला काढते, ते घालतात. तेवढ्यात काय बोलायचं ते बोलायचं. दोन पोरांची लग्नं आम्ही चपला घालता-काढता ठरवली.”

असं वाक्य मला दोन वर्षांच्या एम. ए.त कोणी ऐकवलं नव्हतं.

मेट्रन प्रमिलाबाई मोजकं बोलतात. त्यांनी सांगितलं, “महिनाअखेरचा अहवाल बघू. चुकीची नोंद नको, अपूर्ण नोंद नको. नाहीतर शीतल.”

शीतल म्हणजे त्याच वॉर्डातली तरुण सिस्टर. ती टॅबवर दोन्ही अंगठ्यांनी लिहिते. तिच्या नोंदी अशा : रुग्ण ठीक. रुग्ण ठीक. रुग्ण ठीक.

मे महिना होता. पाच नंबरच्या कॉटवर मोतीबाई आल्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या. बकरीमागे धावताना पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. शेजारी सहा नंबरला पारोळ्याच्या ताईबाई. मनगट मोडलेलं, प्लास्टर झालेलं, घरी जायची वाट बघत होत्या. मोतीबाईंचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. त्यासाठी त्यांना उपाशी ठेवायचं होतं. त्या दिवशी सबीहा सिस्टरांना दुपारपाळी होती, रात्री शीतल येणार होती.

सकाळी मी वॉर्डात गेलो तेव्हा ताईबाई ओरडत होत्या.

“माले सकायपासून चहा नही! मना हात मोडेल शे, तोंड नही!”

शीतल त्यांना समजावत होती. “मावशी, आज तुमचं ऑपरेशन आहे. टॅबमध्ये लिहिलंय.”

“कसानं ऑपरेशन? प्लास्टर व्हयी गय ना!”

“पण टॅबमध्ये आहे.”

“मंग त्या टॅबलेच लई जा थेटरमा!”

शेजारच्या कॉटवर मोतीबाई उशीला टेकून शांतपणे भाकरी खात होत्या. वर मिरचीचा ठेचा. त्यांचा मुलगा चैत्राम पहाटेच्या गाडीनं घेऊन आला होता. न्यायला आलेला वॉर्डबॉय स्ट्रेचर धरून तसाच उभा राहिला. आधी त्यानं ठेचा बघितला, मग माझ्याकडे.

ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं.

मी टॅब उघडला. मोतीबाईंच्या चौकटीत सबीहा सिस्टरांनी लिहिलं होतं. बकरी कोणत्या रंगाची, दगड कुठला, मोतीबाईंनी हाक मारली तेव्हा चैत्राम कुठल्या झाडावर होता, त्यानं त्यांना पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत कसं आणलं. शेवटी होतं : ‘आता महत्त्वाचं म्हणजे उरलेलं ताई’. तिथे अडीचशे अक्षरं संपली होती.

मग ताईबाईंची चौकट उघडली. तिच्यात होतं : ‘उद्या सकाळी ऑपरेशन आहे. रात्री बारानंतर पाणीसुद्धा द्यायचं नाही. बाकी माणूस स्वभावानं फार चांगलं.’

रजिस्टरचं पान भरलं की माणूस समोरच्या पानावर जातो. सिस्टर शेजारच्या कॉटवर गेल्या होत्या.

मेट्रननी बोलावून घेतलं. त्यांच्या खोलीत सिस्टर ताठ उभ्या होत्या.

“मी लिहिलंय ना, उरलेलं ताईबाईंच्या कॉटवर पाहा.”

“ते मावलं नाही,” मी म्हणालो.

“मग मशीननं सांगायचं!”

“उपाशी ठेवण्यासाठी टिकची जागा आहे,” मेट्रन म्हणाल्या.

“टिक कोण वाचतं, बाई?”

“शीतल फक्त टिकच वाचते. टिक नव्हती म्हणून तिनं खालचं वाचलं. ते ताईबाईंचं निघालं.”

सिस्टर हळूच म्हणाल्या, “म्हातारीला एक दिवस जास्त दुखलं माझ्यामुळे.”

“हो,” मेट्रन म्हणाल्या. “ही चूक अहवालात धरत नाही. महिना अजून बाकी आहे. पुन्हा दुसऱ्याच्या चौकटीत गेलात, तर मला काही करता येणार नाही.”

बाहेर आल्यावर सिस्टरांनी माझी बाही धरली. “एमे, मला छोटं लिहायला शिकव.”

प्रणाली बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीला मी आधी फोन केला. चौकट मोठी करा म्हणालो. ते म्हणाले, सिस्टरला लहान करा. मग आमचा वर्ग सुरू झाला. रोज ड्युटीआधी, औषधांच्या खोलीत.

“काय झालं ते लिहा. कसं झालं ते नको.”

“कसं झालं हे नाही सांगितलं, तर काय झालं ते कोणाला पटेल?”

“पटायची गरज नाही, सिस्टर. कळलं की पुरे.”

“तुझ्या कॉलेजात हेच शिकवतात?”

“नाही,” मी खरं सांगितलं. “तिथे चार ओळींवर चाळीस पानं लिहायला शिकवतात.”

“मग तू कुठून शिकलास?”

“नोकरी शोधताना. अर्जात जागा कमी असते.”

पहिल्या दिवशी त्यांनी अडीचशेची दोनशे चाळीस केली आणि घाम पुसला. दुसऱ्या दिवशी बकरीचा रंग गेला. मग झाड गेलं, दगड गेला. हात कापल्यासारखं तोंड करायच्या. आधी टिक, मग चौकट, हेही त्यांनी पाठ केलं. आठवड्यानं मी एक नोंद वाचली. ऑपरेशननंतरची, मोतीबाईंची.

‘उठून बसल्या. दुखलं. बोलल्या नाहीत. खिडकीकडे तोंड. चैत्राम आला. जेवल्या.’

ती मी दोनदा वाचली. मग फिजिओथेरपीच्या साहेबांनी वाचली. त्यांनी मोतीबाईंची कॉट त्या दिवसापासून खिडकीकडे वळवून व्यायाम घ्यायला सुरुवात केली. ताईबाई घरी जाताना म्हणाल्या, “आते मना टॅबमा मीच शे ना?” मी दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी खालीवर बघून खात्री करून घेतली.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात फारुखभाई आले.

पायात तीच चप्पल, हाताला पत्र्याचे ओरखडे. माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले.

“एमे तुम्हीच का?”

“हो, भाई. बसा ना.”

“बसत नाही. आमच्या घरात हे काय सुरू केलं तुम्ही?”

“काय झालं?”

“काल दारात मी विचारलं, तब्येत कशी आहे? तर म्हणते, ‘ठीक. पाय दुखतो. भाजी झाकली.’ आणि आत गेली.” ते थांबले. “अरे, आमच्याकडे बोलायला दारातलीच दोन मिनिटं असतात. त्यात ती सगळा वॉर्ड सांगायची. मला तुमच्या सहा नंबरच्या बाईची सूनसुद्धा माहीत आहे. आता मी दिवसभर पत्रा ठोकतो आणि डोक्यात काहीच नसतं.”

“महिनाअखेरपर्यंतचा प्रश्न आहे, भाई. इनचार्ज झाल्या की रात्री घरीच असतील.”

“नक्की?”

“नोंदी नीट राहिल्या तर.”

त्यांनी विचार केला. “ठीक,” म्हणाले. “तोवर झाकलेली भाजी खातो.” जाताना माझ्या खोलीतला कूलर उघडून बघितला, जाळी बदलायला झाली आहे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी बदलूनही गेले.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. चुकीच्या नोंदी नव्हत्या. अपूर्ण नोंदी नव्हत्या. सबीहा सिस्टरांची रात्रपाळी संपत आली होती आणि सकाळी एकच काम राहिलं होतं, मोतीबाईंना घरी सोडायचं.

घरी सोडताना एक निराळी, आणखी लहान चौकट भरावी लागते. रुग्णाला सगळ्या सूचना सांगायच्या आणि मग त्याला काय समजलं ते त्याच्याकडून वदवून घ्यायचं. चौकटीवर लिहिलेलं असतं : ‘रुग्णाच्याच शब्दांत लिहा.’

मी शेजारी उभा होतो. सिस्टर कॉटवर बसल्या. “हां, मोतीबाई, सांगा. घरी जाऊन काय करायचं?”

मोतीबाई आल्यापासून फारशा बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी वॉकर दोन्ही हातांनी धरला आणि बोलायला लागल्या. गोळ्यांपासून सुरुवात केली. मग वॉकर, मग बसणं, मग बकरी. सिस्टर लिहीत होत्या. बोटानं. एक शब्द न गाळता. खाली जीपवाला हॉर्न वाजवत होता. चैत्रामनं गाठोडं उचललं. मोतीबाई बोलत बोलतच स्ट्रेचरवर बसल्या आणि बोलत बोलतच लिफ्टमध्ये गेल्या. सिस्टर शेवटपर्यंत बरोबर गेल्या. परत आल्या तेव्हा टॅबवर लाल अक्षरं होती. चौकट भरली आहे. नोंद अपूर्ण.

“थोडं कमी करा,” मी म्हणालो. “एक-दोन वाक्यं काढा.”

“तिचे शब्द आहेत, एमे. वर लिहिलंय ना, तिच्याच शब्दांत. मी कोण काढणार?”

“सिस्टर, आज अहवाल आहे. अपूर्ण नोंद नको म्हणाल्यात बाई.”

त्यांनी शेजारच्या सहा नंबरकडे बघितलं. ताईबाईंच्या जागी नवी बाई होती. तिची चौकट पूर्ण कोरी. मीही बघितलं. दोघांच्या मनात एकच आलं असावं.

“नाही,” त्या म्हणाल्या. पेन काढून अंबाड्यात पुन्हा खोचलं, टॅब माझ्या हातात दिला आणि घरी गेल्या. फारुखभाई दारात असतील म्हणून.

दुपारी मेट्रननी अहवाल मागितला. मी छापून नेला. चुकीच्या नोंदी : शून्य. अपूर्ण नोंदी : एक.

“कोणाची?”

मी टॅब उघडून दिला. प्रमिलाबाई चष्मा लावून वाचायला लागल्या. उभ्यानं वाचत होत्या, मग बसल्या. शेवटाला आल्या आणि टॅबवर बोट फिरवलं. खाली काही नव्हतं.

“मग?” त्या म्हणाल्या. “वॉकरचं काय?”

“तिथे चौकट संपली.”

“बोलव तिला.”

“झोपल्या असतील, बाई. रात्रपाळी होती.”

प्रमिलाबाईंनी भिंतीवरचा ड्युटीचा तक्ता खाली घेतला. इनचार्जच्या रकान्यात काहीतरी लिहिलं. “सोमवारपासून सकाळी येऊ दे,” त्या म्हणाल्या. “आणि आल्या आल्या हे पूर्ण करायला सांग.”

सबीहा सिस्टर आता सकाळी येतात, संध्याकाळी जातात. फारुखभाईंना सगळा वॉर्ड पुन्हा ऐकायला मिळतो, तोही बसून. मला मात्र रोज मशीन लावलं की पहिल्यांदा लाल अक्षरं दिसतात. ती नोंद फक्त त्यांनाच बंद करता येते. मी आठवण करतो. “इनचार्ज आहे मी, एमे. वेळ कुठंय?” असं म्हणतात. पुढचं तोंडी तरी सांगा म्हणालो, तर म्हणाल्या, तोंडी ओव्हर बंद झालाय ना? प्रमिलाबाई राउंडला आल्या की आधी मलाच विचारतात, “वॉकरचं झालं का?”

अजून तेवढंच आहे :

‘गोया दोन येळा खासू. वॉकर धरीसनच चालसू. खाले बससू नही. पन मनी बकरी जर नालामा पळनी, त मी वॉकर’