साडभाऊंच्या खताची परीक्षा

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसऱ्याच्या शेतातला कचरा पाहून ज्याच्या तोंडाला पाणी सुटतं असा माणूस एकच, आणि तो नेमका माझाच साडभाऊ निघावा, हे माझं नशीब. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झाले आणि सिंदी मेघेत घर बांधून राहिले. शेजाऱ्यांनी घरामागे फरशी घालून गाड्या लावल्या. यांनी तिथे सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, तुरीचा पाला आणि बारीक केलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, शेणकाल्यात भिजवून तीन ढीग रचले. ते कुजवायचं, चाळायचं, ट्रेच्या कप्प्यांत भरायचं आणि त्यात मिरची-वांग्याची रोपं वाढवायची, हा त्यांचा उद्योग. रोपवाटिकेवाले यासाठी नारळाच्या भुशाचं कोकोपीट वापरतात, हे त्यांच्यासमोर चुकूनही बोलू नये. ‘समुद्राकाठचा भुसा काऊन पाह्यजे आपल्या मिरचीले? घरी माय असताना पोराले डब्यातलं दूध पाजाचं का?’ असं ते एवढ्या जोरात विचारतात की चहा देणाऱ्याचा हात हलतो.

एकदा आम्ही दोघं जामकडे लग्नाला निघालो होतो. रस्त्याकडेच्या वावरात पऱ्हाटी पेटवायची तयारी चाललेली दिसली. नवा कुर्ता घातलेले साडभाऊ चालत्या स्कूटरवरून जवळजवळ उडीच मारून धावले. ‘सोनं जाळून राह्यले बे तुम्ही!’ तो बिचारा शेतकरी वैतागून म्हणाला, ‘सोनं हाये तर घेऊन जा ना मंग!’ आणि हो, यांनी खरोखर नेलं! मांडवाच्या दारात मी उतरलो तेव्हा मागे साडभाऊंच्या मांडीवर पऱ्हाटीचा आडवा भारा होता. वरातीतल्या लोकांनी नवरदेवाआधी आम्हाला वाट करून दिली. ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून, डोळे मिटून ‘आज ताप उतरला याचा’ असं सांगायचं आणि त्याच हाताने पोह्यांची बशी ओढायची, ही त्यांची रोजची सकाळ. खताची ओल पाहायला ते मूठ दाबून बघतात. आमच्याकडे दिवाळीला त्यांनी चिवड्याचीही मूठ तशीच दाबून पाहिली होती. माझ्या बायकोने दोन दिवस अबोला धरला.

खरा सोहळा असतो तो परीक्षेचा. ढीग मुरला असं वाटलं की त्यातलं थोडं खत कुंडीत घ्यायचं आणि मोजून मेथीचे दाणे पेरायचे. सगळे तरारून आले तर खत पास. काही रुसले, काही पिवळे निघाले, की खत अजून कच्चं. मग पाटीवर खडूने ‘नापास. पंधरा दिवसांनी पुन्हा’ असं लिहून ती पाटी ढिगात रोवायची. अहो, ज्या माणसाने दोन मार्कांसाठी बायकोच्या सख्ख्या भावाला नववीत बसवून ठेवलं, तो कुटाराला कशाला सोडतो?

या माणसाचा एक धाकटा भाऊ आहे, जामजवळच्या गावात शेती करतो. पंधरा वर्षांपूर्वी साडभाऊंनी चार गावकऱ्यांसमोर त्याच्या पेरणीच्या चुका एकेक करून मोजून दाखवल्या होत्या. तेव्हापासून तो लग्नकार्यात भेटायचा, पाया पडायचा, पण शेतीबद्दल अवाक्षर काढायचा नाही. यंदा मात्र तोच घरच्या मिरचीचं बी घेऊन आला. ‘दादा, रोपं करून द्याल काय?’ साडभाऊंनी ही बातमी मला एका दिवसात चार वेळा सांगितली. चौथ्या वेळी आवाज जरा ओला होता.

आणि तिथेच घोटाळा झाला. ढीग तयार नव्हता. मेथी अर्धीच उगवली. पण भावाला तारीख दिलेली. जन्मात कुणाला एक मार्क वाढवून न देणाऱ्या माणसाने स्वतःच्या खताला गुपचूप पास केलं! पंचवीस दिवसांत मिरचीची रोपं कावीळ झाल्यागत पिवळी पडली आणि माना टाकू लागली. साडभाऊंनी जेवण सोडलं. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, मला म्हणाली, ‘भाऊजी, कायतरी करा हो. पुन्हा पंधरा वर्षं हे दोघं मोकळं बोलणार नाईत.’ मग आम्ही करू नये ते केलं. दुपारी साडभाऊ कूलरसमोर घोरत असताना रोपवाटिकेतून आणलेली हिरवीगार रोपं सावलीच्या जाळीखाली ठेवली आणि पिवळे ट्रे पाण्याच्या टाकीमागे दडवले. मला तर शाळेत कॉपी केल्यासारखी गंमत वाटत होती.

उठल्यावर त्यांनी एक रोप उपसलं, मुळाचा गोळा कुस्करला, तर आत नारळाचा भुसा; त्याचा वास घेतला. माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. ‘रोपं चांगली हायेत. पण हे बी माह्या भावाचं नाई.’ आणि सरळ टाकीमागे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळा ट्रे मांडीवर घेऊन ते माझ्या स्कूटरवर बसले. वाटेत मी दहादा समजावलं, की उन्हाने गेली म्हणा, पाण्याने गेली म्हणा! त्यांनी फक्त मांडीवरचा ट्रे सावरला. भावाच्या अंगणात ट्रे ठेवून म्हणाले, ‘खत कच्चं होतं. मले समजलं होतं. तरी भरलं. चूक माही हाये.’

धाकटा ट्रेकडे बघत राहिला आणि घरात गेला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कागदाची पुडी होती.

‘अर्धंच बी देल्लं होतं तुमाले, दादा. भरोसा नोयता.’

‘मंग आता?’

‘आता हे घेऊन जा. थोडा उशीर होईन, होऊ द्या.’

साडभाऊंनी पुडी खिशात ठेवली, लगेच बाहेर काढली आणि पुन्हा नीट ठेवली. मग धाकटा त्यांना मिरचीची जागा दाखवायला घेऊन गेला. कुठे पाणी साचतं, कुठे जमीन हलकी आहे, असं काहीबाही तो सांगत होता, आणि आमचे साडभाऊ चक्क मान डोलावत ऐकत होते. दोघांचेही केस पांढरे झालेले. किती वर्षं फुकट घालवली या येड्यांनी, असं मनात आलं आणि मला एकदम भरून आलं. ऊन चांगलंच चढलं होतं, घरी परतायला उशीर होत होता, पण मी काही त्यांना हाक मारली नाही.