रातढोकरीचा हुकूम

छप्पन सालच्या दसऱ्याला वलगावचा डोमाजी नागपुरात दीक्षा घेऊन आला आणि आल्या आल्या त्याने बायकोला, दुर्गाबाईला, बजावलं, "आता कोनापुढंबी वाकनं नाई." घराचं दार तेवढं हातभर बुटकं होतं, तेही सुगीनंतर उंच करायचं ठरलं. चौकटीचं लाकूड आलं.

रामराव देशमुखांच्या ओट्यासमोरून तो वीस वर्षं कमरेत वाकून 'जोहार' घालत गेला होता. आता ताठ मानेने 'जयभीम' म्हणून जाऊ लागला. रामरावही 'डोम्या'ऐवजी 'डोमाजी' म्हणू लागले, पण तो 'जी' त्यांच्या दाताखाली चिंचोक्यासारखा येई.

अडचण आली ती वरून. ओट्याला लागून चिंच होती आणि चिंचेवर रातढोकऱ्यांची वस्ती. हा लाल डोळ्यांचा बुटका बगळा दिवसभर खांदे पाडून बसतो, दिवेलागणीला पेढी नदीकडे मासे धरायला उडतो आणि उडताना शुद्ध मराठीत ओरडतो, "वाक! वाक!"

नेमकी तीच डोमाजीची शेतावरून परतायची वेळ.

"आयकलं का, डोमाजी?" रामराव म्हणत. "म्या नाई म्हनलं बरं. वरून हुकूम झाला."

ओटा हसे. शेवटी डोमाजीने पांदणीची लांबची वाट धरली.

"देशमुखाले नाई भेले, अन् बगळ्याले भेता?" दुर्गाबाई म्हणाली.

हे मात्र लागलं. श्रावणात एका दुपारी तो चिंचेखाली जाऊनच बसला. पाखरू आणखी काय काय बोलतं ते एकदा ऐकून घ्यावं म्हणून. पिल्लं कचेरीतल्या टाइपरायटरसारखी अखंड टकटक करत होती. मोठी आपसात कुरकुरत होती. पण जोडीदार घरट्यावर परतला की ओरडत नसे. मान खाली घाली, डोक्यावरचे पांढरे तुरे उभारी आणि मडक्यात थेंब पडावा तसा हळूच बोले, "प्लुप."

दिवेलागण झाली. पहिली रातढोकरी उडाली. "वाक!"

"आला हुकूम!" ओट्यावरून रामराव म्हणाले.

"आला खरा, रामरावभाऊ," डोमाजी म्हणाला. "पन थो 'वाक' म्हनते, अन् तुमी सारे मान वर करून पाहून राहिले. त्याचं कोनंच आयकत नाई."

रामराव उत्तरासाठी वरच बघत राहिले. उत्तर वरून आलं, थेट पांढऱ्या टोपीवर. टोपी झटकायला रामराव चांगलेच वाकले. डोमाजी हसला नाही. निदान वळण येईपर्यंत तरी.

घरी पोचल्यावर तो दारात नेहमीसारखा वाकला आणि हळूच म्हणाला, "प्लुप."

"हे काय नवीन?" चुलीपाशी बसलेली दुर्गाबाई म्हणाली. "अन् दार कवा उंच करता?"

"राहू दे. हे वाकनं निराळं हाये."

"लाकडाचं काय करता मंग?"

त्या लाकडाचा बाक झाला. संध्याकाळी डोमाजी अंगणात त्यावर बसे आणि हुकूम आला की आरामात मान वर करी.